वाजवलं कुणी?

स्टील गिटार वाजवणारा माणूस श्रोत्यांकडे बघत नाही. बघून चालतही नाही. त्याची गिटार छातीशी धरलेली नसते. ती मांडीवर, नाहीतर पायांच्या स्टँडवर आडवी ठेवलेली असते. डाव्या हातात पोलादाचा गुळगुळीत तुकडा, उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटांत नख्या, मान खाली आणि नजर तारांवर. बाकीचे वादक उभे असतात, फिडलवाला डोलतो, गाणारा समोरच्यांकडे बघून हसतो, आणि हा मात्र गल्ल्यावर बसून वही लिहिणाऱ्या मुनीमासारखा आपल्या कामात असतो. अमेरिकेतल्या टेक्सास, ओक्लाहोमा आणि कॅलिफोर्निया या राज्यांत १९३५ ते १९५५ या वीसेक वर्षांत अशा मान खाली घातलेल्या काही माणसांनी नाचाच्या बँडमध्ये जे वाजवलं, त्याबद्दल मला लिहायचं आहे. त्या संगीताला वेस्टर्न स्विंग म्हणतात.

हे नाव आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या कानावरून गेलं असेल. माझ्याही गेलं नव्हतं. माझी मुलगी डॅलसला असते. काही वर्षांपूर्वी तिच्याकडे सहा महिने राहिलो. ती आणि जावई सकाळी कामावर गेले की घरात मी आणि भिंती. मग जावई मला जाता जाता सार्वजनिक वाचनालयात सोडू लागला. तिथे पुस्तकांच्या शेजारी सीडींची कपाटं होती. एकदा एका हसऱ्या, टोपीवाल्या माणसाचं चित्र असलेली सीडी उचलली. नाव होतं बॉब विल्स अँड हिज टेक्सास प्लेबॉईज. वाटलं, गुराख्यांची गाणी असतील. घोडा, कुरण, विरह. हेडफोन कानाला लावले तर आत भलताच प्रकार. फिडल होतं, पण सोबत ट्रंपेट, सॅक्सोफोन, पियानो, ड्रमही होते. आणि गाणं रंगात आलं असताना मधेच हा बॉब विल्स बारीक आवाजात ‘आऽहा’ करायचा आणि आपल्याच वादकांची नावं पुकारायचा. त्याने एकेकाचं नाव घ्यायचं आणि त्या त्या माणसाने वाजवायला सुरुवात करायची. मी खुर्चीत सरळ होऊन बसलो.

त्याचं कारण आमचे अब्बा. अब्बा मिरजेत एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लगीनसराईत वराती, उरसात संदल, आणि पावसाळ्यात काम नसलं की सतारीच्या कारखान्यात भोपळे घासायचे. मिरजेला तंतुवाद्यांचं गाव म्हणतात. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरातून फरीदसाहेब सतारमेकर यांनी एकोणिसाव्या शतकात हा धंदा उभा केला, आणि तेव्हापासून हिंदुस्थानभरचे कलावंत इथल्या सतारी आणि तंबोरे वाजवत आले. अब्बा त्या धंद्यातले नव्हते, धंद्याच्या कडेचे होते. पण कान तयार होता. रेडिओवर गाणं लागलं की निवेदक सिनेमाचं नाव सांगायचा, गायिकेचं, संगीतकाराचं, गीतकाराचं. आम्ही भावंडं ती नावं पाठ करून अब्बांपुढे मिरवायचो. अब्बा म्हणायचे, “गानेवाले का नाम तो सब बोलते. बजाया कौन, वो बोल.”

आम्हाला ते कधीच सांगता आलं नाही. रेडिओच सांगत नव्हता, तर आम्ही कुठून सांगणार? आणि इथे अमेरिकेच्या एका कोपऱ्यातला हा टोपीवाला, रेकॉर्ड फिरत असताना, लाखो लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होता की आता वाजवतोय तो लिऑन. त्या लिऑनचा शोध घ्यायला मी त्या दिवशी सुरुवात केली. वाचनालय मोठं होतं आणि माझ्याकडे वेळच वेळ होता.

स्टील गिटारचं मूळ गाव टेक्सास नाही. ती प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवरची. ओआहू बेटावर १८७४ साली जन्मलेल्या जोसेफ केकुकू या मुलाने १८८९ च्या सुमारास, शाळकरी वयात, बोटाने तार दाबण्याऐवजी तारेवरून लोखंडाचा तुकडा सरकवून बघितला. रुळांच्या कडेने चालताना त्याला एक बोल्ट सापडला आणि तिथून हे सुरू झालं, अशी गोष्ट सांगतात. श्रेय बहुतेक जण त्यालाच देतात. पण दुसरं एक नावही घेतलं जातं, गॅब्रिएल डेव्हियन. हा भारतात जन्मलेला मुलगा. एका जहाजाच्या कप्तानाने त्याला पळवून नेलं आणि तो फिरत फिरत होनोलुलूला पोहोचला, असं म्हणतात. आपल्याकडच्या वीणेवर घासून सूर काढण्याची रीत त्याने तिथे नेली असेल का, यावर जाणकार वाद घालतात. वाद घालू द्या. केकुकू १९०४ साली बेट सोडून अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेला, आयुष्यभर वाजवत आणि शिकवत राहिला आणि १९३२ साली तिकडेच वारला. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. तिथे हवाईच्या वादकांना ऐकून सगळ्या देशाला या गिटारचं वेड लागलं. टपालाने धडे पाठवणाऱ्या शिकवण्या निघाल्या. खेड्यापाड्यांतली पोरं मांडीवर गिटार आडवी घेऊन बसू लागली.

या वाद्याची एक मेख आहे, ती समजली की पुढचं सगळं समजतं. सतारीवर आपण तार पडद्यावर दाबतो आणि खेचतो. साध्या गिटारवर बोटं वेगवेगळ्या तारा वेगवेगळ्या ठिकाणी दाबतात आणि त्यातून सुरांचा हवा तो मेळ, म्हणजे कॉर्ड, तयार होते. स्टील गिटारमध्ये तारा इतक्या उंच असतात की त्या पडद्याला टेकतच नाहीत. पोलादी बार तारांवरून नुसता सरकतो. त्यामुळे मींड इतकी सलग निघते की माणूस गातोय असं वाटावं. उस्ताद अब्दुल अझीझ खाँसाहेबांनी मैफलीत आणलेली विचित्रवीणा ज्यांनी ऐकली असेल, त्यांना हे सांगावं लागणार नाही. पण बार सरळ असतो. तो सगळ्या तारांवर एकाच रेषेत पडतो. म्हणजे तारा ज्या सुरांत लावल्या असतील तोच मेळ वर-खाली सरकवता येतो, दुसरा नाही. फार तर बार तिरका धरून एखाददुसरा सूर बदलायचा, आणि तिरका धरला की बेसूर व्हायला केसभराची चूक पुरते. देणं आणि अडचण, दोन्ही त्या एकाच पोलादाच्या तुकड्यात.

आता टेक्सासकडे वळू. १९३० नंतरची ती मंदीची वर्षं. कापसाला भाव नाही, मैदानात धुळीची वादळं. फोर्ट वर्थ शहरात पिठाची एक मोठी गिरणी होती. तिने आपल्या पिठाची जाहिरात करायला १९३१ साली रेडिओवर एक बँड लावला, लाइट क्रस्ट डोबॉईज. त्यात बॉब विल्स फिडल वाजवायचा आणि मिल्टन ब्राऊन गायचा. गिरणीचा व्यवस्थापक ओ’डॅनियल. या बँडच्या आणि रेडिओच्या जोरावर तो १९३९ साली टेक्सासचा गव्हर्नर झाला. बँडवाल्यांनी रात्री नाचाला वाजवायला जाऊ नये असं त्याचं म्हणणं. मिल्टन ब्राऊनला ते पटलं नाही. १९३२ साली तो बाहेर पडला आणि त्याने स्वतःचा बँड काढला, म्युझिकल ब्राऊनीज. पुढच्या वर्षी विल्सही सुटला आणि १९३४ साली ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात स्थिरावला. गावाकडचं फिडल आणि शहरातला जॅझ यांचा या लोकांनी नाचासाठी संसार लावून दिला. विल्सने लहानपणी कापूस वेचताना शेजारच्या काळ्या मजुरांचं गाणं ऐकलं होतं, ते त्याच्या हाडात मुरलं होतं. नाचायला येणारे मात्र गोरे. काळ्यांना तिथे दार बंद. हे विसरून या संगीताचं कौतुक करता येत नाही.

नाचाच्या जागेत शेकडो बुटांचा आवाज असतो. त्यात लाकडी गिटार कुणाला ऐकू जाणार? अब्बांचा बँडही रस्त्यावर वाजायचा. क्लॅरिनेटवाल्याला ढोलाच्या पुढे कधी जाता येत नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. टेक्सासमध्ये या अडचणीवर विजेचा उपाय निघाला. आणि विजेवरची पहिली गिटार, जी कारखान्यात तयार होऊन बाजारात चालली, ती उभी धरायची गिटार नव्हतीच, ती मांडीवरची स्टील गिटार होती. कॅलिफोर्नियात जॉर्ज बोशाँ आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३२ साली ती विकायला आणली. अॅल्युमिनियमची, गोल अंगाची, लांब दांड्याची. दिसायला तळणीसारखी, म्हणून लोक तिला फ्राईंग पॅनच म्हणायचे. नंतर जगभर गाजलेल्या विजेच्या गिटारींची ही थोरली बहीण.

१९३४ च्या अखेरीस मिल्टन ब्राऊनच्या बँडमध्ये बॉब डन आला. ओक्लाहोमाचा, १९०८ चा जन्म. हवाईयन पद्धत तो टपालाच्या शिकवणीतून शिकला होता, पण पूर्वी ट्रॉम्बोनही वाजवायचा. त्याने साध्या गिटारच्या तारा उंच केल्या, वर पिकअप बसवला आणि अॅम्प्लिफायरला तार जोडली. जानेवारी १९३५ मध्ये शिकागोत डेक्का कंपनीसाठी ब्राऊनीजचं ध्वनिमुद्रण झालं. अमेरिकेच्या गावाकडच्या संगीतात विजेवर चाललेलं तंतुवाद्य रेकॉर्डवर आलं ते त्या वेळी पहिल्यांदा. पण विजेपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी होती. डनने हवाईची लांबलचक, डोळे मिटायला लावणारी मींड टाकून दिली. तो तुटक, फुंकून काढल्यासारखे सूर वाजवू लागला. मांडीवर गिटार, पण डोक्यात ट्रॉम्बोन. ‘टेकिंग ऑफ’ नावाची त्याची रचना आहे. ती ऐकताना सूर कुठून कुठे उडी मारेल याचा अंदाज येत नाही.

डनबद्दल एक हकिकत सांगितली जाते. न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडच्या किनाऱ्यावर त्याला एक काळा वादक भेटला. घरी जुळवलेल्या सामानावर, विजेची जोड दिलेली गिटार तो वाजवत होता. डन ते पाहून खुळावला आणि ते शिकण्यासाठी त्या माणसाच्या मागे न्यू ऑर्लिन्सपर्यंत गेला. त्या वादकाचं नाव हकिकतीत नाही.

एप्रिल १९३६ मध्ये मिल्टन ब्राऊन मोटार अपघातात सापडला आणि काही दिवसांनी वारला. बँड विस्कटला. डन इकडे तिकडे वाजवत राहिला आणि पुढे ह्यूस्टनला वाद्यांचं दुकान घालून बसला. तो १९७१ साली गेला. तोवर विजेची गिटार हे जगभरच्या तरुणांचं वाद्य झालं होतं. त्या दुकानात येऊन तार किंवा नखी विकत घेणाऱ्या किती पोरांना ठाऊक असेल की समोरचा म्हातारा कोण आहे?

आता लिऑन. लिऑन मॅकॉलिफ, ह्यूस्टनचा, १९१७ चा जन्म. सोळाव्या वर्षी पिठाच्या गिरणीच्या बँडमध्ये लागला आणि १९३५ साली, अठराव्या वर्षी, टल्साला बॉब विल्सकडे आला. सप्टेंबर १९३६ मध्ये शिकागोत त्याने विल्सच्या बँडसोबत ‘स्टील गिटार रॅग’ वाजवलं. रेकॉर्डच्या सुरुवातीलाच विल्स त्याला नाव घेऊन पुढे बोलावतो. त्यानंतर जो सूर सरकत वर जातो, तो ऐकून हजारो घरांत लोकांनी स्टील गिटारी विकत घेतल्या. कानाला साधी, गुणगुणता येईल अशी चाल. पुढे जो कुणी हे वाद्य शिकला, त्याला ती वाजवावीच लागली.

आणि इथेच अब्बांचा प्रश्न उलटा फिरला. ‘स्टील गिटार रॅग’ लिऑनच्या नावावर आहे. पण केंटकी राज्यातल्या लुईव्हिलचा सिल्व्हेस्टर वीव्हर नावाचा एक काळा वादक होता. त्याने १९२३ साली ओके कंपनीसाठी ‘गिटार रॅग’ नावाची चीज ध्वनिमुद्रित केली होती आणि १९२७ साली पुन्हा एकदा केली. गिटारच्या तारेवर सुरीसारखं काहीतरी सरकवून ब्लूज वाजवणाऱ्यांच्या अगदी पहिल्या रेकॉर्डी त्याच्या. दोन्ही चिजा मी एकामागोमाग लावून ऐकल्या. संगीताचं शिक्षण नसलेल्या माणसालाही नातं ओळखू येतं. वीव्हरने १९२७ नंतर रेकॉर्डी करणं सोडलं आणि लुईव्हिलमध्ये एका श्रीमंत घरी मोटार चालवण्याचं, खानसाम्याचं काम केलं. १९६० साली तो वारला. त्याच्या कबरीवर दगडसुद्धा नव्हता. तिथल्या ब्लूजप्रेमी लोकांनी १९९२ साली तो बसवला. बत्तीस वर्षांनी.

यात लिऑनला चोर ठरवावं असं मला वाटत नाही. तो वीस वर्षांचाही नव्हता, आणि त्या काळात चाली हातोहात फिरायच्या. अब्बांच्या बँडमध्ये रोज रात्री शंकर-जयकिशन वाजायचे आणि कुणी कुणाला पैसे पाठवले नाहीत. लिऑनने त्या चालीला विजेचा आवाज दिला, बँडचा भरणा दिला, ती नाचाच्या लयीत बसवली. हेही खरं काम. पण एकाचं नाव पुकारलं जातं तेव्हा त्याच्यामागे दुसरं एखादं नाव उभं असतं आणि ते पुकारणारा कुणी नसतो. ज्याला पुकारलं तोही मान खाली घालून वाजवणाराच, मालक नव्हे. म्हणजे उतरंडीत खालच्या पायरीवर बसलेल्यालाही वाटतं की आपल्या खाली कुणी नाही. असतं.

त्याच मुक्कामात मुलीने आणि जावयाने मला एका शनिवारी मोटारीने टल्साला नेलं. केन्स बॉलरूम ही विल्सची जुनी जागा अजून उभी आहे. १९२४ साली गॅरेज म्हणून बांधलेली इमारत. पुढे तिचा नाचघर झाला. १९४२ पर्यंत विल्सचा बँड दुपारी इथून केव्हीओओ रेडिओवर वाजवायचा आणि रात्री आसपासच्या गावांना नाचासाठी जायचा. बसने जायचं, मध्यरात्रीनंतर परत निघायचं, दुपारी पुन्हा माइकसमोर. मेपलच्या लाकडाची जमीन खालून स्प्रिंगांवर तोललेली आहे, पाय ठेवला की किंचित दबते. भिंतींवर जुन्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची मोठी चित्रं. मुलगी म्हणाली, “अब्बा, फोटो काढू?” मी लिऑनचं चित्र शोधत होतो.

दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या आणि जहाजांच्या कारखान्यांत काम करायला टेक्सास-ओक्लाहोमाची माणसं लाखांनी कॅलिफोर्नियात गेली. त्यांच्यामागे त्यांचं संगीत गेलं. लिऑन १९४२ साली युद्धाच्या कामावर गेला आणि विमान चालवायला शिकवू लागला. त्याच्या जागेवर बसणं सोपं नव्हतं, पण बसणारे निघाले. ओक्लाहोमा शहरचा नोएल बॉग्ज १९४४ साली विल्सकडे आला. दोन-तीन दांड्यांची स्टील गिटार त्याच्यापुढे असायची आणि प्रत्येक दांड्यावरच्या तारा वेगळ्या सुरांत लावलेल्या. मघाशी मेख सांगितली ती आठवा. एका लावणीत एकच मेळ निघतो ना? मग लावण्याच चार करा. एका दांड्यावरून दुसऱ्यावर हात असा जायचा की ऐकणाऱ्याला सांधा कळू नये. लिओ फेंडरच्या कारखान्याने १९५३ साली अशाच अनेक दांड्यांची स्ट्रिंगमास्टर बाजारात आणली. फेंडरचं नाव आज उभ्या गिटारींसाठी घेतात, पण त्याने धंदा सुरू केला तो मांडीवरच्या स्टील गिटारी आणि त्यांचे अॅम्प्लिफायर बनवून.

हॉलिवूडमध्येच जन्मलेला जोआकिन मर्फी, १९२३ चा, स्पेड कूलीच्या बँडमध्ये वाजवायचा. ‘ओक्लाहोमा स्टॉम्प’मध्ये त्याचा हात ऐकावा. इतक्या वेगात इतके सूर, आणि प्रत्येक सूर बरोबर आपल्या जागी. पडदे नसलेल्या तारेवर वेग आणि सच्चेपणा एकत्र आणणं किती कठीण, हे सारंगीवाल्याला विचारा. इंडियानाचा हर्ब रेमिंग्टन १९४६ साली, विशी गाठता गाठता, विल्सकडे आला. १९४९ साली हँक पेनीच्या बँडबरोबर त्याने ‘रेमिंग्टन राइड’ केलं. त्याचा आवाज गोड, गोलसर, घाई नसलेला. या चौघा-पाचांना लागोपाठ ऐकलं की ध्यानात येतं, वाद्य तेच, अडचण तीच, पण प्रत्येकाने त्या अडचणीतून आपली वेगळी वाट काढली आहे. डनने फुंकीसारखे तुकडे वाजवले. लिऑनने गुणगुणायची चाल दिली. बॉग्जने मेळ बदलत ठेवले. मर्फी धावला. रेमिंग्टन गायला. डोळे मिटून ऐकलं तरी नाव सांगता यावं, इतके ते वेगळे.

मग काळ फिरला. युद्धाच्या अखेरीस अमेरिकी सरकारने नाचगाण्याच्या जागांवर जबर कर बसवला, तो वीस टक्क्यांवर बरीच वर्षं राहिला. मोठे बँड पोसणं मालकांना परवडेना. नंतर टेलिव्हिजन घरात आला आणि लोक संध्याकाळी बाहेर पडेनासे झाले. स्टील गिटारवाल्यांपुढे आणखी एक गोष्ट आली. वेब पिअर्स या गायकाचं ‘स्लोली’ हे गाणं १९५४ साली गाजलं. त्यात बड आयझॅक्सने पायाने पेडल दाबून, सूर वाजत असतानाच तारेची लावणी बदलली. एक तार जागेवर राहते आणि तिच्या शेजारची हळूच वर चढते. ज्या मेखेवर या सगळ्यांनी आयुष्य घालवलं होतं, ती पायाच्या एका दाबाने सुटली. महिन्याभरात जो तो तोच आवाज मागू लागला. बार तिरका धरायची ती केसभर हिशेबाची विद्या, चार लावण्यांची कसरत, हे सगळं जुनं झालं.

सगळे संपले नाहीत. लिऑनने युद्धानंतर टल्सात स्वतःचा बँड चालवला आणि उतारवयात ओक्लाहोमातल्याच एका कॉलेजात संगीत शिकवलं. रेमिंग्टन ह्यूस्टनला राहिला, हवाईची गाणी वाजवत राहिला, स्टील गिटारी स्वतः बनवून विकत राहिला आणि २०१८ साली गेला. डिसेंबर १९७३ मध्ये डॅलसला जुन्या टेक्सास प्लेबॉईजना पुन्हा एकत्र बोलावलं. बॉब विल्स चाकांच्या खुर्चीत होता. लिऑन स्टील गिटारवर होता. पहिल्या दिवसानंतर रात्रीच विल्सला झटका आला आणि तो पुन्हा बोलला नाही. १९७५ साली तो वारला. राहिलेली गाणी बाकीच्यांनी त्याच्याशिवाय पुरी केली. नावं पुकारणारा आवाज नसताना वाजवणं त्यांना कसं वाटलं असेल, असा विचार ती रेकॉर्ड ऐकताना माझ्या मनात आल्यावाचून राहत नाही.

आपल्याकडे ही गिटार टेक्सासवरून आली नाही. ती त्याच हवाई बेटांवरून, दुसऱ्या बाजूने आली. सामोआत जन्मलेला टाऊ मो हा हवाईयन वादक आपल्या कुटुंबासह जग फिरत हिंदुस्थानात आला आणि १९४० च्या दशकात काही वर्षं कोलकात्यात राहिला. तिथे त्याने शिष्य केले. कवी काझी नझरुल इस्लाम यांचे चिरंजीव काझी अनिरुद्ध यांनी वडिलांच्या गाण्यांच्या चाली या गिटारवर वाजवल्या. मुंबईत व्हॅन शिपले आणि हजारा सिंग यांच्या गिटारवर फिल्मी गाण्यांच्या रेकॉर्डी निघाल्या. इराण्याच्या हॉटेलात आणि लग्नाच्या मांडवात त्या वाजायच्या. त्या रेकॉर्डींवर त्यांची नावं होती. पण सिनेमाच्या मूळ गाण्यात जी गिटार सरकते, तिच्यावर कुणाचा हात आहे, ते लेबलावर नाही. तिथे सिनेमा आहे, गायक आहे, संगीतकार आहे, गीतकार आहे. मुंबईच्या स्टुडिओंत वाजवणाऱ्या शेकडो माणसांची, गोव्याच्या ख्रिस्ती ट्रंपेटवाल्यांपासून आपल्या सारंगीवाल्यांपर्यंत, हीच गत.

१९६७ साली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ निघाली. उस्ताद अली अकबर खाँसाहेबांचे शागीर्द ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार तीत शिवकुमार शर्मांच्या संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीच्या बरोबरीने आहे. अब्बांनी ती रेकॉर्ड एका दुकानात उलटीपालटी करून पाहिली होती, एवढं मला आठवतं. तिन्ही नावं वाचून झाल्यावरही ते समाधानी नव्हते. “तबले पे कौन?” त्यांनी विचारलं. तबल्यावर माणिकराव पोपटकर होते.

अब्बांचा एकच फोटो वाजवतानाच्या पोशाखातला आहे. चौदा माणसं, लाल कोट, सोनेरी दोऱ्या, दोन रांगा. अब्बा मागच्या रांगेत, क्लॅरिनेट छातीशी. खाली पांढऱ्या अक्षरांत बँडचं आणि मालकाचं नाव. चौदांपैकी पाच जणांची नावं मला सांगता येतात. उरलेले नऊ जण कोण, हे सांगणारा आता मिरजेत कुणी राहिलेला नाही. मालकाने वाईट हेतूने ती गाळली असंही नाही. नावं लिहायची असतात हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. नावं पुसली जातात ती बहुधा दुष्टपणाने नाही, अशीच, सवयीने. म्हणून बॉब विल्सचं ते पुकारणं मला मोठं वाटतं. तो काही संत नव्हता. त्याचा तो धंदा होता, गर्दी खेचायची रीत होती. पण त्याच्या त्या सवयीमुळे, आज जवळजवळ नव्वद वर्षांनी, मिरजेच्या एका माणसाला लिऑन मॅकॉलिफ ठाऊक आहे. आणि लिऑन ठाऊक झाला म्हणून सिल्व्हेस्टर वीव्हरपर्यंत पोहोचता आलं.

डॅलसहून येताना एक वही भरून आणली आहे. डाव्या बाजूला चीज, उजव्या बाजूला वाजवणारा. नातवाला इंटरनेटवर ती गाणी सापडतात. मी नाव सांगतो, तो लावतो. आता तो मला न विचारताच सांगतो, हा मर्फी, हा रेमिंग्टन. कधीमधी चुकतोही. वहीत एका ठिकाणी डाव्या बाजूला ‘कोनी आयलंड’ एवढंच लिहिलं आहे. त्याच्या समोरची जागा कोरी आहे. नातू म्हणाला, “दादाजान, इथे काहीच नाही, मग ओळ कशाला अडवली?” मी त्याला सांगितलं, तिथे माणूस आहे.